अमेरिकेतली स्त्री-मताधिकार चळवळ १८६९ ला नेमकी कशावरून फुटली?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. वाचनगटात मला अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकार चळवळीवर पाऊण तास बोलायचंय आणि तयारी करता करता एका जागी मी अडकलेय. आजवर डोक्यात गोष्ट सरळ होती, म्हणजे १८४८ ला सेनेका फॉल्सची स्त्री-हक्कांची सभा, मग एलिझाबेथ केडी स्टॅन्टन आणि सुझन अँथनी जन्मभर लढल्या आणि १९२० ला एकोणिसावी घटनादुरुस्ती होऊन बायकांना मत मिळालं. आता वाचतेय तर कळतंय की १८६९ मध्ये चळवळ उभी चिरली गेली, दोन वेगळ्या संघटना झाल्या आणि त्या वीस वर्षं वेगवेगळ्या चालल्या. आणि भांडण कशावरून, तर पंधराव्या घटनादुरुस्तीवरून, जिच्यामुळे नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या पुरुषांना मत मिळणार होतं. स्टॅन्टन आणि अँथनींनी तिला चक्क विरोध केला! अहो ह्या दोघी गुलामगिरीविरोधी चळवळीतूनच आलेल्या ना? मग असं कसं झालं? वंशद्वेष म्हणून एका शब्दात सांगायचं की अजून काही होतं? आणि दुसऱ्या बाजूची लूसी स्टोन वगैरे मंडळी खरंच त्यांच्यापेक्षा बरी होती का? कुणी उलगडून सांगाल का, मला लोकांसमोर अर्धवट काही बोलायचं नाहीये.

जुनीवही

ताई, तुमचा प्रश्न एकदम बरोबर जागी आलाय. ह्याची सुरुवात १८६९ च्या आधी शोधावी लागते.

यादवी युद्ध चालू असताना बायकांनी स्वतःच्या मागण्या बाजूला ठेवल्या होत्या. १८६३ मध्ये स्टॅन्टन-अँथनींनी विमेन्स लॉयल नॅशनल लीग काढली आणि गुलामगिरी घटनेनेच संपवा म्हणून जवळजवळ चार लाख सह्या गोळा केल्या, हाताने, दारोदार, कागदावर. तेराव्या दुरुस्तीमागे ह्या सह्यांचा जोर होता. त्यामुळे त्यांची समजूत अशी की युद्ध संपलं की देश नव्याने मांडायचाच आहे तर काळ्या लोकांना आणि बायकांना मत एकदमच मिळेल. १८६६ मध्ये त्यासाठीच अमेरिकन इक्वल राइट्स असोसिएशन स्थापन झाली, सगळ्यांना सारखे हक्क, वंश बघायचा नाही, लिंग बघायचं नाही. फ्रेडरिक डग्लस (गुलामगिरीतून सुटलेला मोठा काळा नेता), स्टोन, स्टॅन्टन, अँथनी सगळे एकाच मांडवाखाली.

पण वेंडेल फिलिप्ससारखे गुलामगिरीविरोधी चळवळीतले जुने नेते १८६५ पासूनच सांगायला लागले होते की ही घटका काळ्या माणसाची आहे, बायकांनी थांबावं. रिपब्लिकन पक्षाचा हिशेबही साधा होता, दक्षिणेत मुक्त झालेल्या पुरुषांना मत दिलं तर पक्षाला मतं मिळणार, बायकांना देऊन पक्षाच्या पदरात काय पडणार? मग चौदावी दुरुस्ती आली आणि तिच्या दुसऱ्या कलमात 'पुरुष' हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा घुसला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याआधी घटनेत बायकांना मत नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते राज्यांच्या कायद्यांत होतं. आता देशाच्या घटनेतच मतदार म्हणजे पुरुष असं धरून चालले, तेही स्वातंत्र्य आणि समतेच्या नावाने आणलेल्या दुरुस्तीत. चार लाख सह्या गोळा करणाऱ्या बाईला ते वाचून काय वाटलं असेल याचा विचार करा.

आणि पंधराव्या दुरुस्तीत वंश, रंग आणि पूर्वीची गुलामगिरी ह्या कारणांवरून मत नाकारता येणार नाही असं लिहिलं. लिंग हा एक शब्द अजून घाला एवढंच मागणं होतं. घातला नाही.

रानवारा

जुनीवही यांनी पार्श्वभूमी छान सांगितली पण मला एक गोष्ट स्पष्ट बोलायचीय, नाहीतर स्टॅन्टनबाईंचा राग एवढा समजून घेतला जातो की त्यांनी काय केलं ते मागेच राहतं. राग रास्त होता, पण तो राग त्यांनी कुणावर काढला? ज्या पुरुषांनी तो शब्द घटनेत घातला ते सगळे गोरे होते. स्टॅन्टनने मात्र लिहिताना बोलताना वेठीला धरलं ते मुक्त झालेल्या काळ्या माणसांना आणि आयरिश, जर्मन, चिनी स्थलांतरितांना, त्यांना हिणवणारी नावं वापरून, की ज्यांना लिहितावाचता येत नाही असे पुरुष आता सुशिक्षित बायकांसाठी कायदे करणार. काळ्या पुरुषांना मत मिळालं तर बायका असुरक्षित होतील असंही सुचवलं, आणि हे अशा काळात जेव्हा दक्षिणेत ह्याच खोट्या भीतीच्या नावाखाली लोकांना मारून टाकत होते.

कॅन्ससचा प्रकार तर वाचाच. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यात दोन वेगळे प्रस्ताव मतदानाला होते, एक मतदाराच्या व्याख्येतून 'गोरा' शब्द काढायचा, दुसरा 'पुरुष' शब्द काढायचा. स्टोन आणि तिचा नवरा हेन्री ब्लॅकवेल वसंतात फिरून आले, स्टॅन्टन आणि अँथनी नंतर गेल्या. तिथल्या रिपब्लिकनांनी बायकांच्या प्रस्तावाविरुद्धच प्रचार सुरू केला, तेव्हा ह्या दोघींनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या डेमोक्रॅटची मदत घेतली. पैसेवाला, भडक बोलणारा, आणि काळ्या लोकांबद्दल उघड उघड गलिच्छ बोलणारा माणूस. दोन्ही प्रस्ताव पडले, बायकांच्या बाजूला जेमतेम नऊ हजार मतं. बरं, पडल्यावर तरी साथ सोडायची ना, तर ट्रेनच्या पैशावर जानेवारी १८६८ ला 'द रेव्होल्यूशन' हे साप्ताहिक काढलं. स्टोनला सगळ्यात जास्त हेच लागलं, कारण कॅन्ससमध्ये ट्रेनच्या सभा इक्वल राइट्स असोसिएशनच्या नावावर झाल्या होत्या.

तेव्हा ताई, वंशद्वेष हा शब्द तुमच्या भाषणात यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

मृगनक्षत्र

दोघांचंही पटतं. फक्त स्टोनची बाजू स्वच्छ होती असं कुणी समजू नये म्हणून लिहिते. हेन्री ब्लॅकवेलने १८६७ मध्येच दक्षिणेतल्या राज्यांच्या विधिमंडळांना उद्देशून एक पत्रक काढलं होतं, की बायकांना मत द्या, गोऱ्या बायकांची मतं धरली की काळ्या मतांची भीती राहणार नाही. म्हणजे दोन वर्षांनी जो माणूस पंधराव्या दुरुस्तीच्या बाजूने उभा राहिला त्याच्याच हातचं हे गणित! आणि पुढे तीस-चाळीस वर्षं दक्षिणेत हेच गणित पुन्हा पुन्हा मांडलं गेलं.

उलट बाजूनेही सगळं काळं-पांढरं नाही. रॉबर्ट पर्विस हा फिलाडेल्फियाचा काळा नेता, त्याने १८६९ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या सभेत उभं राहून सांगितलं की माझ्या मुलीला मत मिळत नसेल तर मलाही थांबायचंय, आणि त्याचा स्वतःचा मुलगा तिथेच त्याच्या विरुद्ध बोलला. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, एकाच सभागृहात. सोजर्नर ट्रुथ ही स्वतः गुलामगिरीतून सुटलेली काळी वक्ती, तिने तर १८६७ लाच बजावलं होतं की काळ्या पुरुषांना हक्क मिळाले आणि काळ्या बायकांना नाही, तर ते पुरुष बायकांचे मालक होऊन बसतील आणि परत पहिल्यासारखंच होईल.

पिंपळपान

बाप रे, कॅन्ससबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आभार सगळ्यांचे. आता मला तो प्रत्यक्ष फुटीचा क्षण हवाय, १८६९ च्या सभेत झालं काय? आणि मृगनक्षत्र, तुम्ही ट्रुथचं लिहिलंत त्यावरून वाटलं की ह्या सगळ्या वादात काळ्या बायकांना विचारलं कुणी? एक बाजू म्हणते काळे पुरुष आधी, दुसरी म्हणते गोऱ्या बायका आधी, मग त्या कुठे?

जुनीवही

मे १८६९, न्यूयॉर्कचा स्टाइनवे हॉल, इक्वल राइट्स असोसिएशनची वार्षिक सभा. सुरुवातीलाच गुलामगिरीविरोधी चळवळीतला स्टीफन फॉस्टर उठला आणि म्हणाला स्टॅन्टन आणि अँथनींनी बाजूला व्हावं, ट्रेनबरोबर जाऊन आणि 'रेव्होल्यूशन'मध्ये शिकलेल्यांनाच मत असं छापून तुम्ही संघटनेच्या तत्त्वाला सोडलंय. मग डग्लस बोलला. आधी त्याने स्टॅन्टनबद्दलचा आदर सांगितला, दोघांची ओळख सेनेका फॉल्सपासूनची, तिथे बायकांच्या मताचा ठराव पडायला आला होता तो तरला त्यात डग्लसच्या भाषणाचा मोठा हात होता. मग तिच्या लिखाणातल्या त्या हिणवणाऱ्या नावांबद्दल नाराजी सांगितली. आणि मग म्हणाला, बायका आहेत म्हणून बायकांची शिकार होते का, घरातून ओढून काढून दिव्याच्या खांबाला लटकवतात का, त्यांच्या कुशीतली पोरं हिसकून फरसबंदीवर आपटतात का? तसं होईल तेव्हा त्यांची निकड आमच्याइतकी असेल.

प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं, काळ्या बाईच्या बाबतीत हे सगळं खरं नाही का?

डग्लस म्हणाला, हो, हो, हो, खरं आहे, पण ती बाई आहे म्हणून नव्हे, ती काळी आहे म्हणून.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ह्याच ठिकाणी सापडतं. प्रश्न विचारणाऱ्याने बरोब्बर नस पकडली होती, आणि डग्लसच्या उत्तरात सत्य आहे पण त्या बाईचे दोन तुकडेही झालेत. मी डग्लसला फार मानतो, तरी हे उत्तर मला दर वेळी टोचतं.

अँथनीने उत्तर दिलं की सगळ्यांना एकदम देणार नसाल तर बुद्धी आणि नीती बघून आधी बायकांना द्या, काळ्या माणसाला शेवटी. स्टोन मधे पडली, म्हणाली दोघांचंही दुःख खरं आहे, उत्तरेतही आईकडून पोरं हिरावून घेणारे कायदे आहेत, पण ह्या भयानक खड्ड्यातून कुणीही बाहेर निघालं तरी मी मनापासून आनंद मानेन. सभा संपली आणि लगेच स्टॅन्टन-अँथनींनी नॅशनल वूमन सफरेज असोसिएशन काढली. नोव्हेंबरात क्लीव्हलँडला स्टोन आणि ब्लॅकवेल यांच्या गटाने अमेरिकन वूमन सफरेज असोसिएशन काढली. पहिली न्यूयॉर्कवरून चालायची, नेतृत्व बायकांच्या हातात, मागणी थेट घटनादुरुस्तीची, शिवाय घटस्फोट, मजूर बायकांची मजुरी असले वादाचे विषयही घ्यायची. दुसरीचं ठाणं बॉस्टन, पुरुष पदाधिकारी चालायचे, एकेक राज्य जिंकत जायचं आणि मताशिवाय बाकी वाद अंगावर घ्यायचे नाहीत असं धोरण. हा रस्त्यांमधला फरकही खरा होता हं, सगळं नुसतं पंधराव्या दुरुस्तीवर नव्हतं.

चाफेकळी

मी इथे एरवी नुसती वाचते पण काळ्या बायका कुठे होत्या ह्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्पर. कृपा करून हिच्यावर पाच मिनिटं तरी ठेवा.

कवयित्री, गुलामगिरीविरोधी वक्ती, जन्मानेच मुक्त. १८६६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला स्त्री-हक्क परिषदेत बोलायला उभी राहिली, त्याच सभेतून पुढे इक्वल राइट्स असोसिएशन निघाली. आणि तिने सुरुवात कशाने केली, तर स्वतःच्या घरापासून. ओहायोत शेतकऱ्याची बायको होती, कोलंबसच्या बाजारासाठी लोणी करायची. नवरा गेला, डोक्यावर कर्ज होतं, आणि त्याला जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच कायद्याचा माणूस आला आणि दुधाची मडकी आणि कपडे धुवायच्या बादल्यासुद्धा उचलून घेऊन गेला. ज्या मडक्यांवर ती पोरांचं पोट भरणार होती तीच! मागे काय ठेवलं, तर एक आरसा. आणि मग ती म्हणते की त्याच्याऐवजी मी मेले असते तर असं झालं असतं का? त्याने एव्हाना दुसरी बायको केली असती, कुणी त्याचं घर मोडायला आलं नसतं, कुणी त्याचं अंथरूण विकलं नसतं.

म्हणजे बाई म्हणून कायदा कसा मारतो हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरजच नव्हती. पण त्याच भाषणात ती समोर बसलेल्या बायकांना सांगते की तुम्ही गोऱ्या बायका इथे हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. फिलाडेल्फियात घर करावंसं वाटतं पण तिथे ट्राममध्ये मला आत बसू देत नाहीत, बाहेर ड्रायव्हरजवळ उभं करतात. गोऱ्या बायका म्हणजे आकाशातून टपकलेले दवाचे थेंब नाहीत असंही तिने त्यांच्या तोंडावर सांगितलं, आणि नुसतं मत मिळालं की सगळी दुखणी बरी होतील ह्यावर माझा विश्वास नाही, असंही.

ही बाई १८६९ च्या त्या सभेतही होती. तिथे ती म्हणाली की देशाला जर एका वेळी एकच प्रश्न झेपत असेल तर काळ्या पुरुषांच्या वाटेत काळ्या बायकांनी काडीसुद्धा आडवी घालू नये. आणि फुटीनंतर ती स्टोनच्या गटात गेली. हे वाचून लोक म्हणतात बघा, तिने बाईपणापेक्षा वंश निवडला. मला हे अजिबात पटत नाही. तिने १८६६ ला दोन्ही मागितलं होतं, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा स्पष्ट. निवड तिच्यावर लादली गेली, आणि लादणाऱ्यांत ह्या दोन्ही संघटनांची माणसं होती. सगळ्याच काळ्या बायका तिच्यासारख्या स्टोनकडे गेल्या असंही नाही, मेरी अ‍ॅन शॅड कॅरी स्टॅन्टन-अँथनींच्या संघटनेत होती आणि १८७१ मध्ये वॉशिंग्टनला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली होती.

ह्यांच्या जागेवरून बघितलं की ही फूट वेगळीच दिसते. कुणाचा नंबर आधी हा प्रश्नच ज्यांनी बनवला त्यांनी ह्या बायकांना धरलंच नव्हतं.

रानवारा

चाफेकळी, आरशाचं मला माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो.

पुढचं थोडक्यात लिहितो. फेब्रुवारी १८७० ला पंधरावी दुरुस्ती मंजूर झाली. 'रेव्होल्यूशन' त्याच वर्षी अँथनीला एका डॉलरला दुसऱ्याच्या हवाली करावं लागलं आणि दहा हजार डॉलरचं कर्ज तिने भाषणं करत करत कित्येक वर्षं फेडलं, ह्याबद्दल मात्र मला तिचा मनापासून आदर आहे. १८७२ ला तिने रोचेस्टरमध्ये मत टाकलं, अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला तो तिने कधीच भरला नाही. १८७५ ला सुप्रीम कोर्टाने बायकांच्या मताबद्दलच्या मायनर खटल्यात एकमुखाने सांगितलं की बाई नागरिक आहे हे खरं, पण नागरिक असणं म्हणजे मत असणं नव्हे.

दोन्ही संघटना १८९० ला एक झाल्या, आणि ते जुळवण्यात लूसी स्टोनच्या मुलीचा, अ‍ॅलिस स्टोन ब्लॅकवेलचा मोठा वाटा होता. म्हणजे आयांचं भांडण लेकीने मिटवलं. पण एकीची किंमत पुन्हा त्याच लोकांनी मोजली. दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांना जोडायचं म्हणून १८९५ च्या अटलांटाच्या अधिवेशनाला तू येऊ नकोस असं अँथनीने डग्लसला सांगितलं. जन्मभराच्या मित्राला. हे तिने आयडा बी. वेल्स ह्या काळ्या पत्रकार बाईला सांगितलं तेव्हा वेल्सने तिला तोंडावर सांगितलं की तुमचं हे चुकलं. अधिवेशन फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपलं, आणि २० फेब्रुवारीला डग्लस वॉशिंग्टनमध्ये बायकांच्याच एका परिषदेत दिवसभर बसून घरी गेला आणि संध्याकाळी वारला. त्या परिषदेत त्याला मंचावर नेऊन बसवणाऱ्यांत अँथनी होती.

मृगनक्षत्र

आणि त्याच वेल्सला १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात मागे काळ्या बायकांबरोबर चाल म्हणून सांगितलं, ती गर्दीतून येऊन सरळ इलिनॉयच्या तुकडीत सामील झाली. १९२० नंतरही दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मतदानकर आणि वाचन-परीक्षा लावून अडवलंच, १९६५ च्या मतदान-हक्क कायद्यापर्यंत. हे सांगायला विसरू नका, नाहीतर १९२० ला सगळ्या बायकांना मत मिळालं असंच ऐकणाऱ्यांच्या डोक्यात राहील.

अजून एक, आपण सगळे लहानपणापासून स्टॅन्टन-अँथनी हीच नावं का ऐकतो? कारण चळवळीचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिला, 'हिस्टरी ऑफ वूमन सफरेज', पहिला खंड १८८१ चा, तिसरी लेखिका मटिल्डा जोसलिन गेज. स्टोनकडे माहिती मागितली तेव्हा तिने द्यायला नकार दिला, एका गटाने दुसऱ्या गटाचा इतिहास लिहावा हेच तिला मान्य नव्हतं. शेवटी तिच्या संघटनेवरचं प्रकरण लिहिलं कुणी, तर स्टॅन्टनच्या मुलीने, हॅरिएटने! मला वाटतं स्टोनचा तो नकार तिला फार महागात पडला.

पिंपळपान

खूप खूप आभार सगळ्यांचे. मी आतापर्यंत केलेला आराखडा बदलतेय. सेनेका फॉल्सपासून सुरुवात न करता १८६६ च्या सभेपासून करणार, हार्परची दुधाची मडकी आणि आरसा, मग कॅन्सस, मग स्टाइनवे हॉल, आणि शेवटी अटलांटा आणि डग्लसचा तो शेवटचा दिवस. पाऊण तासात बसेल की नाही बघते. चाफेकळी, हार्परबद्दल अजून एखादी गोष्ट असेल तर सांगाल का?

चाफेकळी

त्याच भाषणातली आहे. मडकी गेल्यावरची. एका शेजाऱ्याला तिने पूर्वी पाच डॉलर उसने दिले होते. ती बाहेरगावी गेलेली असताना तो मॅजिस्ट्रेटपुढे गेला आणि ही इथली रहिवासी नाही अशी शपथ घेऊन तिच्या अंथरुणावर जप्ती आणली. ती पोरांना घेऊन ओहायोला परत आली तेव्हा कायद्याच्या ताब्यात नाही अशी एक गादीसुद्धा तिच्याकडे नव्हती. आरशाच्या आधी पाच डॉलर सांगा की नंतर सांगा, पण सांगा.